मान्यवर स्पष्ट, खेळाडू धूसर

रात्रीच्या कबड्डी स्पर्धेचे फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या ग्रुपवर येऊन पडतात, ते कधी क्रमाने पाहावेत. पहिला फोटो नारळ फोडण्याचा. त्यात नारळाच्या शेंडीचे केस मोजता येतात. दुसरा प्रतिमापूजनाचा, त्यात उदबत्तीचा धूरही शिस्तीत वर चाललेला दिसतो. मग शाल, श्रीफळ, फेटा आणि मान्यवरांची रांग. त्या रांगेच्या टोकाला जो कुणी न बोलावता येऊन उभा राहिलेला असतो, तोही इतका लख्ख की त्याच्या खिशातल्या पेनाच्या टोपणाचा रंग सांगावा. यानंतर खेळ सुरू होतो आणि फोटोंना एकाएकी मोतीबिंदू होतो. लाल जर्सीचा एक ओघळ, त्याच्यामागे निळ्या जर्सीचे तीन फराटे, कोपऱ्यात हॅलोजनचा एक पांढरा फुगा, आणि खाली मजकूर : ‘आपला बाब्या चढाई करताना’. बाब्या त्यात आहे हे त्याच्या आईबापांच्या शब्दावर मानायचं. पुणतांब्यात काय किंवा गोदाकाठच्या दुसऱ्या कोणत्याही गावात काय, हाच प्रकार चालतो. आणि दोष कुणाचा यावर घराघरांत जे वाद होतात तेही सारखेच असतात. बाप म्हणतो फोन जुना झाला. आई म्हणते तुमचा हात हलला. बाब्याचा मोठा भाऊ म्हणतो सेटिंग चुकलं. माझ्या मते यात कुणाचंच काही चुकलेलं नाही. रात्री दिव्यांखाली काढलेल्या फोटोत धूसर येणं हा मूल खेळल्याचा पुरावा आहे, आणि लख्ख येणं हा ते त्या क्षणी खेळत नसल्याचा. हे जरा उफराटं वाटेल, म्हणून सावकाश सांगतो.

दुपारचं ऊन जमिनीवर सुमारे एक लाख लक्स उजेड टाकतं. लक्स हे उजेडाचं माप. घरात दिवाणखान्यातले दिवे लावले की शंभर-दीडशे लक्स पडतात आणि तेवढ्यावर आपण वीज जळतेय म्हणून ओरडतो. गावच्या मैदानात खांबांना हॅलोजन किंवा एलईडी बांधून जो उजेड तयार होतो तो याच घरगुती हिशेबातला. पाटीच्या मध्यावर दोनशे लक्स पडले तर मांडववाल्याला शाल द्यावी. म्हणजे दुपारच्या तुलनेत उजेड पाचशे पटींनी कमी. पण बसल्या जागी आपल्याला तसं वाटत नाही, कारण डोळा हा फार मनमिळाऊ अवयव आहे. उजेड कमी झाला की बाहुली रुंद करतो, पडद्याची संवेदना वाढवतो आणि उरलेलं मेंदूवर सोडतो. मेंदू अंदाजपंचे बाकीचा बाब्या भरून काढतो. कॅमेऱ्याला ही उचापत जमत नाही. तो जुन्या पतपेढीतल्या कारकुनासारखा, जेवढा उजेड प्रत्यक्ष आत आला तेवढाच जमेला धरतो. उजेड कमी असेल तर जास्त वेळ खिडकी उघडी ठेवतो. दिवसा त्याला सेकंदाचा हजारावा भाग पुरतो, रात्री तो तिसावा भाग मागतो. आता बारा-तेरा वर्षांचं पोर मध्यरेषेकडे परत पळतं तेव्हा सेकंदाला पाच मीटर तरी जातं. सेकंदाच्या तिसाव्या भागात ते सोळा-सतरा सेंटिमीटर पुढे सरकतं, आणि माणसाचा चेहरा तर त्याहून थोडा अरुंदच असतो. म्हणजे खिडकी उघडली तेव्हा जिथे बाब्याचं नाक होतं तिथे ती मिटेपर्यंत त्याचा मागचा कान येऊन गेलेला असतो. कारकुनाने दोन्ही जमा धरले, यात त्याचं काय चुकलं?

त्यातून फोनची आणखी एक अडचण असते, आणि ती पुणतांबेकरांना समजावून सांगायची गरज पडू नये. चांगदेवांची समाधी याच गावात आहे. चौदाशे वर्षं जगलेल्या या योग्याला ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं आणि गाडी अडली मायन्यावर. वयाने पाहावं तर समोरचा पोरगा, म्हणजे ‘चिरंजीव’ लिहायला हवं. ज्ञानाने पाहावं तर ‘तीर्थरूप’. दोन्हींतलं एकही लिहवेना, तेव्हा त्यांनी कागद कोराच पाठवला. फोनही रात्रीच्या मैदानासमोर याच मायन्यावर अडतो. समोर एका बाजूला डोळे दिपवणारा हॅलोजन, दुसऱ्या बाजूला मैदानापलीकडचा काळाकुट्ट ऊस, आणि मधे कुठेतरी चॉकलेटी अंगाचं, घामाने चकाकणारं पोर. हॅलोजनला मान द्यावा तर पोर काळं होतं, पोराला मान द्यावा तर हॅलोजन फुटून अर्धा फोटो पांढरा होतो. चांगदेवांनी निदान विचार करून कोरा कागद पाठवला होता. फोन हा निर्णय डोळ्याचं पातं लवायच्या आत घेतो आणि कधी पूर्ण काळा, कधी पूर्ण पांढरा कागद आपल्या हातात ठेवतो. मुक्ताईने चांगदेवांचं पत्र पाहून, इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला, अशा अर्थाचा टोमणा मारल्याची कथा आहे. पन्नास मेगापिक्सेलच्या फोनला घरोघरी अगदी तेच ऐकावं लागतं.

स्थिर माणूसच तेवढा उमटतो, हा काही आजच्या फोनचा नवा खोडसाळपणा नाही. फोटोग्राफीने पहिल्या दिवसापासून हीच बाजू घेतलेली आहे. १८३८ साली पॅरिसमध्ये दागेर नावाच्या गृहस्थाने खिडकीतून बुलवार द्यू तांप्ल या रस्त्याचं चित्र घेतलं. भर दिवसा वाहता रस्ता; घोडागाड्या, पादचारी, सगळं असणारच. पण त्या काळी चित्र उमटायला काही मिनिटं लागत. तेवढ्या वेळात जे जे हललं ते ते चित्रातून पुसलं गेलं, आणि राजधानीचा तो गजबजलेला रस्ता संचारबंदी लागल्यासारखा ओस दिसतो. फक्त एका कोपऱ्यात एक इसम राहिला आहे. तो बूट पॉलिश करून घ्यायला एक पाय वर ठेवून उभा होता. छायाचित्रात आलेला जगातला पहिला माणूस म्हणून त्याचं नाव घेतात, म्हणजे नाव ठाऊक नाही म्हणून त्याच्या बुटांचं घेतात. त्या दिवशी त्या रस्त्याने कितीतरी लोक कामाला गेले असतील, कुणी ओझी वाहिली असतील, एखादं पोर चाकामागे धावलंही असेल. इतिहासात अमर झाला तो बूट पुसून घेणारा. शेजारी वाकलेला बूट पुसणारा पोऱ्या उमटला आहे, पण अस्पष्ट, कारण त्याचे हात चालू होते. कबड्डीच्या उद्‌घाटनाला पांढऱ्या कपड्यांत स्थिर उभं राहणाऱ्या मंडळींना ही परंपरा ठाऊक नसावी, पण ती त्यांच्या अंगात पक्की मुरलेली आहे.

आता मैदानाकडे परत येऊ, कारण पुरावा सगळा तिथे आहे. खो-खोचा फोटो घ्या. पाटीवर आठ गडी एकाआड एक तोंडं करून बसलेले असतात आणि नववा धावत असतो. रात्रीच्या फोटोत ते आठही मूर्तींसारखे स्वच्छ येतात. नववा आणि त्याच्यापुढे हुलकावणी देणारा धावक मात्र अगरबत्तीच्या धुरासारखे. दोन्ही टोकांचे खांब तर इतके ठसठशीत की त्यांना उत्कृष्ट खेळाडूचं बक्षीस द्यावं. कबड्डीत तर पुरावा याहून निर्दय आहे. तिथे बाद झालेले गडी मैदानाबाहेर आखलेल्या चौकटीत ओळीने बसतात, आणि बसल्यामुळे लख्ख येतात. तेव्हा रात्रीच्या कबड्डीतला मुलाचा स्वच्छ फोटो कौतुकाने स्टेटसला लावण्यापूर्वी तो कुठे बसला आहे तेवढं पाहून घ्यावं. तो फोटो साधारणपणे त्याच्या बाद होण्याची पावती असते. टेनिस बॉलच्या डे-नाईट सामन्यात फलंदाज दोनदा स्पष्ट येतो. एकदा चेंडू यायच्या आधी, आणि दुसऱ्यांदा त्रिफळा उडाल्यावर, मागे वळून पाहताना. मधल्या काळात, म्हणजे ज्या काळासाठी आपण थंडीत मफलर गुंडाळून बसलेलो असतो त्या काळात, त्याच्या हातात बॅट नसून पंखा आहे असं दिसतं. पंच मात्र कायम स्वच्छ. त्यांच्याइतकं निश्चल राहण्याची सवय मैदानावर दुसऱ्या कुणाला नसते, हे हरणाऱ्या संघाचं म्हणणं इथे तरी खरं ठरतं.

यावर पहिला आक्षेप पैसेवाल्यांचा असतो. ते म्हणतात, फोनचा नाद सोडा, चांगला कॅमेरा घ्या. टीव्हीवर, वर्तमानपत्रात रात्रीच्या सामन्यांचे फोटो कसे काचेसारखे येतात. येतात खरे. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे ही आपल्याच महाराष्ट्राची दोन माणसं भारताच्या पुरुष आणि महिला संघांची कर्णधार होती, दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, आणि त्या सामन्यांच्या फोटोंत सूर मारलेल्या खेळाडूचं बोट नि बोट दिसतं. पण तो चमत्कार निव्वळ कॅमेऱ्याचा नव्हता. तिथलं इंदिरा गांधी स्टेडियम बंदिस्त, वर दिव्यांचं छत, आणि तो उजेड कॅमेऱ्यांच्या सोयीने टाकलेला. मोठ्या मैदानांवरचे दिवे मुळी आलेच दूरचित्रवाणीच्या मागून. क्रिकेट रात्री खेळवायची कल्पना ऑस्ट्रेलियात केरी पॅकर या टीव्हीवाल्याने रुजवली. आपल्याकडे १९८४ साली दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर दिव्यांखाली पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना झाला, आणि मुंबईच्या वानखेडेवर असा सामना व्हायला १९९६चा विश्वचषक यावा लागला. तिथल्या दिव्यांचं बिल जाहिरातींतून निघतं. गावातल्या दिव्यांचं बिल वर्गणीतून निघतं, आणि वर्गणीच्या हिशेबात दिवा कशाला हवा तर चेंडू सापडावा, रेषा दिसावी आणि कुणी कुणाच्या पायावर पाय देऊ नये याला. त्या उजेडात दोन-तीन लाखांची लेन्स आणली तरी ती अंधाराला अधिक बारकाईने टिपते. शिवाय संवेदनक्षमता वाढवावी तसा फोटोत रवा पडत जातो. बाब्या स्थिर दिसतो, पण शिऱ्याचा केलेला. आणि लाखांची वस्तू गळ्यात अडकवून बाप मैदानाच्या कडेला बसला, की पोराने रेषेबाहेर सूर मारल्यावर पोराला सावरायचं की लेन्सला, हा प्रश्न उभा राहतो. त्याचं उत्तर आईला आवडेल असं येईलच याची खात्री नाही.

दुसरा उपाय फ्लॅशचा, आणि तो सुचवणारे लोक सहसा मागच्या रांगेत बसलेले असतात. उजेड अंतराच्या वर्गाने पातळ होतो, हे शाळेत शिकवलेलं असतं, पण परीक्षेनंतर ते सोडून दिलेलं असतं. दोन मीटरवरच्या माणसावर फोनचा फ्लॅश जेवढा पडतो त्याच्या शंभराव्या हिश्शाइतका तो वीस मीटरवरच्या पोरावर पडतो. म्हणजे बाब्याला काही मिळत नाही, आणि पुढच्या रांगेतल्या काकांच्या टोपीला सगळं मिळतं. अशा फोटोत मैदान रातोरात अमावास्येचं होतं आणि काकांची टोपी पौर्णिमेची. त्या दोघांच्या मधे दिव्यांभोवती घोंघावणारे किडे असतात, ते फ्लॅश खाऊन असे चमकतात की पाहणाऱ्याने विचारावं, नगर जिल्ह्यात बर्फ कधी पडलं? चढाई करणाऱ्या गड्याच्या डोळ्यांवर अचानक झोत गेला तर तो पाय कुणाच्या हातात देईल हा निराळा मुद्दा. तीस सेकंदांच्या चढाईत त्याला तेवढंच एक कमी असतं.

जाणकार म्हणून ज्यांची ख्याती असते ते याच्याही पुढे जाऊन सांगतात, शटर वाढवा, पाचशेव्या भागावर आणा. इथे विजेची एक गंमत आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, आणि तिच्यावर लावलेले पुष्कळ दिवे सेकंदाला शंभरदा मंद-तेज होत राहतात. डोळ्याला ते कळत नाही. पण खिडकी पाचशेव्या भागापुरती उघडली, तर कधी ती दिव्याच्या तेजीत सापडते आणि कधी मंदीत. एकामागून एक काढलेल्या चार फोटोंत बाब्या एकदा पिवळा, एकदा तपकिरी, एकदा हिरवट आणि एकदा अर्धाच येतो. कावीळ, उन्हाळी आणि अर्धांगवायू एकाच चढाईत. मोठ्या स्टेडियमांवर दिवे तिन्ही फेजांवर वाटून देतात, म्हणजे एक मंदावला तरी दुसरा तेजीत असतो. गावात मांडववाला सगळे दिवे एकाच फेजवर लटकवतो, कारण थ्री फेज रात्रीची आली तर ती शेतातल्या मोटारीसाठी असते आणि तिच्यावर हॅलोजनपेक्षा कांद्याचा हक्क मोठा. १ जून २०१७ला शेतकऱ्यांचा संप ज्या गावातून सुरू झाला त्या पुणतांब्याला विजेच्या पाळीचं गणित कुणी शिकवू नये. दिवसा वीज द्या, हे मागणं शेतकरी किती वर्षं करतो आहे. ती मिळाली तर रात्री फोटो काढायला बाप मैदानावर तरी येऊ शकेल. आज तो कित्येकदा बॅटरी घेऊन बांधावर असतो आणि बाब्याची चढाई त्याला पाणी मोडता मोडता फोनवर ऐकावी लागते.

मग येतो नाईट मोडचा भक्त. हा प्रकार मात्र न्यायाने पाहायला हवा, कारण त्यात खरोखर कारागिरी आहे. फोन पटापट अनेक फोटो काढतो, त्यांची थप्पी लावतो, जुळणारं ठेवतो, न जुळणारं फेकतो, आणि अंधारातलं देऊळ दिवाळीतल्यासारखं उजळून देतो. गोदावरीच्या घाटाचा रात्रीचा फोटो काढायला याच्यासारखं साधन नाही. पण त्याची पहिली अट पडद्यावरच लिहून येते, की हलू नका. ती अट आपण आपल्या हाताला लावतो, आणि फोनला ती बाब्यालाही लावायची असते. थप्पीतल्या दर फोटोत बाब्या वेगळ्या ठिकाणी, म्हणून फोनच्या हिशेबी तो न जुळणारा. तो फेकून दिला जातो आणि रिकामं मैदान अत्यंत सुंदर येतं. दागेरच्या रस्त्यावर आपण जवळजवळ दोनशे वर्षांनी परत येऊन पोचतो, तेही हप्त्यावर घेतलेल्या फोनने. यातून सुटका म्हणून आता फोन चेहरा स्वतःच काढून द्यायला लागले आहेत. २०२३ साली एका बड्या कंपनीच्या फोनवरून वाद झाला होता. लोकांनी मुद्दाम धूसर केलेला चंद्र पडद्यावर दाखवून त्याचा फोटो काढला, आणि फोनने त्यात मूळ चित्रात नसलेले डागही भरून दिले. चंद्राला काही म्हणायचं नसतं, त्याला एकच तोंड आहे. बाब्याच्या फराट्यावर हाच प्रयोग केला तर त्यातून एक देखणा, गोरा, दात शुभ्र असलेला मुलगा निघतो, जो गावात कुणाचाच नाही. हाताला कधीकधी सहावं बोटही येतं. मध्यरेषेला टेकायच्या कामी ते आलंही असतं, पण ते खेळ संपल्यावर उगवतं.

व्हिडिओवाल्यांचा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो, म्हणून त्याला टाळणार नाही. फोटोत हालचाल मरते आणि व्हिडिओत ती जगते, तेव्हा व्हिडिओच काढावा, असं ते म्हणतात. तत्त्व म्हणून मान्य. पण व्यवहारात त्यांच्या साक्षीदाराची उलटतपासणी केली तर काय दिसतं? पोर रेषा ओलांडून समोरच्या कोपऱ्याकडे जातं, तोवर चित्र ठीक चालतं. मग पकड पडते, पोर झटापट करून मध्यरेषेकडे हात लांबवतं, आणि त्याच क्षणी व्हिडिओत आकाश, हॅलोजन, कुणाचा तरी खांदा, आणि शेवटी बापाच्या स्वतःच्या चपला दिसतात. कारण बाप उठून उडालेला असतो. ज्या चढाईसाठी फोनची साठवण अडवली तीच तेवढी चित्रात नसते. आवाज मात्र पूर्ण असतो : ‘अरे टेक! टेक! टेकलाऽऽ!’ यावरून माझं मूळ म्हणणं उलट पक्कंच होतं. मैदानावर खेळणारे दोघं असतात, एक रेषेच्या आत आणि एक बाहेर, आणि फोटोतला फराटा ही दोघांच्या हालचालींची बेरीज असते. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना भेटायला ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली, असं आपण ऐकत आलो. ते सामर्थ्य आता कोणत्याही बापात आहे. पोराने बोनस घेतला की त्याच्या फोटोत शाळेची भिंत, पाण्याची टाकी आणि ध्वजस्तंभ असे सगळे मिळून चालतात.

राहिले ते समजूतदार लोक. त्यांचं म्हणणं, एवढा खटाटोप कशाला. सामना संपल्यावर चषक हातात देऊन, दिव्याखाली उभं करून एक फोटो काढावा, तो कपाटावर ठेवायला पुरे. पण बाद पद्धतीच्या स्पर्धेत सोळा संघ उतरले तर पंधरा सामने होतात आणि पंधरा संघ हरून घरी जातात. चषकाचा फोटो उरलेल्या एकाचा. कुणी म्हणेल, उपविजेत्यालाही छोटा चषक देतात. देतात, पण त्याच्या फोटोत पोरं रडवेली असतात आणि मान्यवर हसरे, त्यामुळे तो कपाटावर कुणी ठेवत नाही. पंधरा संघांतल्या पोरांनीही रात्री अकरापर्यंत गुडघे फोडून घेतलेले असतात आणि त्याचा कागदोपत्री पुरावा त्या फराट्यांखेरीज कुठे नसतो. शिवाय चषकाच्या फोटोत पोर नेमकं काय करत असतं? चषक धरून उभं असतं. तेच काम प्रायोजकही करत असतो, आणि चषकाला त्याचा हात जरा जास्तच घट्ट असतो.

आता एक कबुली द्यायला हवी, नाहीतर माझ्या युक्तिवादाचा फायदा नको ते लोक घेतील. प्रत्येक वाईट फोटो हा प्रामाणिक फोटो नसतो. लेन्सवर बोट ठेवून काढलेला फोटो हा फक्त बोटाचा फोटो असतो. भज्यांच्या तेलाने माखलेल्या लेन्समधून हॅलोजनला आलेली आभाळभर प्रभावळ हे भज्यांचं यश आहे, खेळाचं नव्हे. मैदानाच्या पलीकडच्या टोकाहून दहापट झूम करून काढलेले ते सात-आठ रंगीत चौकोन कुणाचेही असू शकतात, प्रतिस्पर्धी संघातल्या पोराचेसुद्धा, आणि बहुधा असतात. तेव्हा परीक्षा करायची ती मागच्या खांबाकडे पाहून. खांब स्वच्छ आणि पोर पुसट असेल तर फोटो अस्सल. पोर खेळत होतं. खांबही पुसट असेल तर फोटो अस्सलच आहे, पण तो बापाविषयी काही सांगतो आहे. आणि पोर स्वच्छ, खांब पुसट, असा उलटा प्रकार दिसला, तर एक तर काढणाऱ्याने पोराच्या वेगाने फोन फिरवला आहे, ज्याला खरी कला म्हणतात आणि जी शंभरातून एकदा साधते. किंवा पोर आता मालवाहू टेंपोच्या मागे उभं राहून गावभर मिरवतं आहे, म्हणजे सामना जिंकला आहे.

शेवटचा प्रश्न उरतो तो ओळखीचा. एवढ्या फराट्यात बाब्या कोण हे कळणार कसं? यासाठी फोटो घरातल्या आजीकडे द्यावा लागतो. ती चष्मा कपाळावर सरकवते, फोन हातभर लांब धरते, आणि ज्या लाल ओघळात इतरांना जर्सीचा नंबरही लागत नाही त्यात तिला बरंच काही दिसू लागतं : हा बघ डावा पाय आधी टाकतो, आजोबांसारखा, बनियन आत खोचलेलं नाही, सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही, आणि त्या निळ्या कपड्यातल्या पोराने याचा घोटा पिरगाळलाय, त्याच्या आईला मी ओळखते. चांगदेवांच्या कोऱ्या कागदावर ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहून पाठवल्या होत्या. आजी लिहीत नाही, पण बोलायला लागली की संख्या तेवढ्यावर थांबत नाही. हे चाललेलं असतानाच फोन थरथरतो. साठवण भरली आहे, जागा करायची असल्यास खालचे धूसर फोटो काढून टाकू का, असं तो नम्रपणे विचारतो आणि बाब्याच्या सगळ्या चढाया एका ओळीत मांडून दाखवतो. नारळाचा फोटो त्या यादीत नसतो, आणि पेनाच्या टोपणाचाही.